तीन कॉम्प्युटर, एकच सेटअप: सिंकथिंग, शेमवा आणि बाकीच्या जुगाडाचा वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे घरी उबुंटूचा डेस्कटॉप, क्लायंटच्या कामांसाठी विंडोज ११ चा लॅपटॉप आणि घरात कुणीच वापरत नव्हतं म्हणून माझ्याकडे आलेला मॅक मिनी. काम भाषांतराचं, अधूनमधून छोट्या स्क्रिप्टा. हवं एवढंच होतं की कुठल्याही मशीनवर बसलं तरी तेच शॉर्टकट, तीच डिक्शनरी, तेच ऑटोकरेक्ट मिळावं. बरेच महिने हे सगळं चालवून झालंय, आणि एक नक्की सांगते, एकाच टूलनं सगळं होतं असं जे म्हणतात त्यांच्याकडे बहुतेक एकाच ओएसची मशीन असतात.

ज्या अ‍ॅपमध्ये स्वतःचं सिंक (सगळ्या मशीनवर सेटिंग्ज सारख्या ठेवायची सोय) आहे तिथे तेच वापरा, उगाच डोकं लावू नका. व्हीएस कोड या कोड एडिटरचं सेटिंग्ज सिंक २०२० पासून आतच आहे, गिटहब किंवा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स, स्निपेट्स सगळं येतं. शॉर्टकट मात्र डिफॉल्टला प्रत्येक ओएसचे वेगळे ठेवतं, आणि ते बरोबरच आहे, कारण मॅकवरचं कमांड बटण विंडोजवर आणून करायचंय काय. फायरफॉक्स सिंकही मस्त, डेटा आपल्या मशीनवरच एन्क्रिप्ट होऊन मग वर जातो. फक्त एक गोष्ट, अ‍ॅड-ऑन इन्स्टॉल होतात पण त्यांच्या आतल्या सेटिंग्ज येतीलच असं नाही, ते त्या अ‍ॅड-ऑनवर आहे. जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनमध्ये क्लाउड स्टोरेजचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो आणि नंतरही तिथलं बटण हातानं दाबून वर पाठवा, खाली घ्या करावं लागतं.

अ‍ॅपची यादी हा सगळ्यात सोपा भाग. ती काढायला विंडोजवर विंगेट एक्सपोर्ट ही कमांड, मॅकवर ब्रू बंडल डंप, उबुंटूवर पॅकेजांची नावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. विंगेट त्याच्या सोर्समध्ये सापडतील तेवढीच अ‍ॅप घेतं, बाकीच्यांची फक्त वॉर्निंग देतं, तर ती वॉर्निंग कॉपी करून ठेवा नाहीतर नव्या मशीनवर नेमकं तेच सॉफ्टवेअर राहून जातं.

मग येतात टेक्स्टमधल्या कॉन्फिग फाइली (ज्यांत सेटिंग्ज लिहिलेल्या असतात), म्हणजे बॅश, गिट, एसएसएच वगैरे कमांड-लाइन टूल्सच्या. यासाठी शेमवा (chezmoi) हे टूल. फाइली गिट रेपोमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये) राहतात आणि शेमवाचं खरं काम टेम्प्लेटचं, एकाच फाइलमध्ये 'मॅक असेल तर ही ओळ, विंडोज असेल तर ती' असं लिहिता येतं. डिफ, म्हणजे काय बदलणार ते, बघायचा, पटला तर अप्लाय. पहिले काही दिवस कंटाळा येतो कारण सवयीनं आपण थेट मूळ फाइल बदलतो आणि मग ते रेपोत परत घालावं लागतं. दुसरा फायदा असा की ते डिफॉल्टला सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे नेणारा नुसता दुवा) करत नाही, खरी फाइल तयार करून ठेवतं. मॅकवाल्यांना याचं महत्त्व कळेल, मॅकअप (Mackup) या टूलसारखी सिमलिंकवर चालणारी पद्धत मॅकओएस सोनोमापासून प्रेफरन्स (सेटिंग्जच्या) फाइलींसाठी चालत नाही.

आता मुख्य पात्र, सिंकथिंग, निवडलेले फोल्डर सगळ्या मशीनवर सारखे ठेवणारं. फुकट, ओपन सोर्स, मधे कुठलाही क्लाउड नाही, मशीन एकमेकांशी थेट बोलतात. ब्राउझरमध्ये ८३८४ पोर्टवर त्याचं पान उघडतं, दोन्हीकडे एकमेकांचे आयडी टाकले की झालं. पण दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असायला लागतात, हे लोक विसरतात! डेस्कटॉप बंद करून लॅपटॉप घेऊन बाहेर गेलं की अर्थातच काही येत नाही. म्हणून मी एक जुना लॅपटॉप कायम चालू ठेवलाय, त्याची बॅटरी अजून थोडी जिवंत आहे त्यामुळे लाईट गेली तरी लगेच बंद पडत नाही.

यातून मी मुख्यतः लिब्रेऑफिसचा मराठी शब्दसाठा फिरवते. इथे नीट ऐका, पूर्ण यूजर फोल्डर सिंकला लावायचा मोह होतो, लावू नका. त्यात रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स नावाची एक एक्सएमएल फाइल असते, तिच्यात तुमच्या सेटिंग्जबरोबरच अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी आणि खिडकीचा आकारसुद्धा असतो. म्हणजे विंडोजचे पाथ लिनक्सवर येणार, मोठ्या मॉनिटरवरची खिडकी लॅपटॉपवर येणार. मी फक्त वर्डबुक (शब्दसाठा) आणि ऑटोकर (ऑटोकरेक्ट) हे दोन फोल्डर घेतलेत. वर्डबुकमधली डिक्शनरी साधी टेक्स्ट आहे, त्यामुळे दोन मशीनवर एकदम बदल झाला आणि सिंकथिंगनं सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाची जादा कॉपी बनवली तरी दोन्ही उघडून शब्द एकत्र करता येतात, शब्दांच्या ओळी सॉर्ट केल्या, दुबार काढल्या, दोन मिनिटांचं काम. ऑटोकरेक्टची फाइल मात्र आतून झिप असते, तिथे कॉन्फ्लिक्ट आला की एक ठेवा, एक सोडा. म्हणून ऑटोकरेक्टमध्ये भर घालायची ती फक्त डेस्कटॉपवर, आणि बाकी दोन्हीकडे तो फोल्डर 'रिसीव्ह ओन्ली' (बदल फक्त घ्यायचे, पाठवायचे नाहीत) करून टाकलाय.

मराठी फाइलनावं ठेवणाऱ्यांसाठी खास. 'दुसऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत, डोळ्यांना फरक दिसत नाही पण कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं वाटू शकतात, आणि मॅकची जुनी फाइलसिस्टिम नावं तुकड्यांतच साठवायची. सिंकथिंगमध्ये हे आपोआप दुरुस्त करायचा पर्याय डिफॉल्टला चालू असतो, तो तसाच राहू द्या.

काय सिंक करायचं नाही याची यादी जास्त महत्त्वाची आहे असं माझं स्पष्ट मत. ब्राउझरचा प्रोफाइल फोल्डर नाही, ईमेलचा नाही, आणि आत एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा) डेटाबेस असलेलं कुठलंच चालू अ‍ॅप नाही, कारण अ‍ॅप लिहीत असतानाच अर्धवट कॉपी पलीकडे गेली की डेटाबेसची वाट लागू शकते. कॅशे फोल्डर तर अजिबात नाही. हे वगळायला सिंकथिंगची एसटीइग्नोर (.stignore) फाइल असते, पण ती फाइल स्वतः सिंक होत नाही, प्रत्येक मशीनवर वेगळी लिहावी लागते. त्यावर तोडगा म्हणजे नियम दुसऱ्या साध्या फाइलमध्ये लिहायचे, ती सिंक होऊ द्यायची आणि एसटीइग्नोरमध्ये फक्त इन्क्लूडची एक ओळ टाकायची. आणि हो, व्हर्जनिंग (फाइलींच्या जुन्या प्रती ठेवणं) चालू करा. एकीकडे डिलीट केलेलं दुसरीकडेही इमानेइतबारे डिलीट होतं, याला बॅकअप म्हणत नाहीत.

फोनवर हवं असेल तर, सिंकथिंगचं अँड्रॉइडवरचं अधिकृत अ‍ॅप २०२४ च्या शेवटी बंद झालं, आता लोक फोर्क (त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती) वापरतात. मी फोन यात आणलाच नाही.

जे आजही जमलेलं नाही ते म्हणजे कीबोर्ड. विंडोजवर मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टायपिंग), लिनक्सवर आयबस या टायपिंगच्या टूलमधला लेआउट, मॅकवर देवनागरी क्वेर्टी, तिन्ही फोनेटिक पण तपशिलात वेगवेगळे. कुठलंही सिंक टूल इथे कामाचं नाही. इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड लेआउट) शिकलेल्यांना हा त्रास बराच कमी, कारण तो लेआउट तिन्हीकडे मिळतो, म्हणून सध्या तोच हळूहळू शिकतेय, स्पीड अजून निम्मासुद्धा नाही.