मेन स्विच आईच्या हाताला येईल असा लावून दिला: डॅलसमधल्या इलेक्ट्रिशियनचा अनुभव

रिव्ह्यू मोठा झालाय, पण ज्यांचे आईवडील इथे सोबत राहतात त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, घर १९८६ चं. दोन वर्षांपूर्वी ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) चार्जरसाठी घराला येणारी विजेची जोडणी १०० अँपवरून २०० ची करून घेतली, तेव्हा एका मोठ्या कंपनीने (नाव घेत नाही) बाहेरच्या भिंतीवर मीटरशेजारी नवीन इमर्जन्सी डिसकनेक्ट, म्हणजे घराचा बाहेरचा मेन स्विच, बसवला. हा नियम अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडच्या २०२० च्या आवृत्तीपासून आला, म्हणजे आग लागली तर फायरवाल्यांना आत न शिरता बाहेरूनच घराची वीज तोडता यावी. चांगलाच नियम आहे. पण त्या लोकांनी उंची मोजली ती फुलांच्या वाफ्यात उभं राहून, आणि वाफा आमच्या फरशीपेक्षा चांगला पाच इंच वर. वाफ्यातून ६ फूट ५ इंच, फरशीवरून बघितलं तर ६ फूट १० इंच! आणि पुढे गुलाबाची दोन झाडं. तेव्हा आमच्या काही लक्षात आलं नाही, इन्स्पेक्शन पास झालं, आम्ही खूश.

मागच्या ऑगस्टमध्ये दुपारी एसीच्या बाहेरच्या युनिटमधून धूर यायला लागला. घरात आई एकटी. आईची उंची ४ फूट १० इंच, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली, वॉकर घेऊन चालते. मला ऑफिसात फोन आला, मी म्हटलं गॅरेजमधल्या पॅनलमधला एसीचा ब्रेकर पाड, तर तो नेमका सगळ्यात वरच्या ओळीत. आई म्हणते, "अगं, हात पोचत नाहीये, स्टूल आणू का?" माझ्या अंगावर काटा आला. एसीचा वेगळा पुल-आऊट, म्हणजे ओढून वीज तोडायचा खटका, असतो तो युनिटच्या मागे, भिंत आणि पत्र्याच्या मध्ये, म्हणजे धुरातूनच हात घालायचा. आणि बाहेरचा मेन तर असा आभाळात. शेवटी शेजारचे आजोबा धावत आले, त्यांनी बंद केलं. आईला काही झालं नाही, पण स्टूल हा शब्द कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

मग एका मैत्रिणीने हा इलेक्ट्रिशियन सुचवला, बाप-लेक दोघांचाच छोटा धंदा आहे. वडील आले आणि पॅनल उघडायच्या आधी आईला बोलावलं. वॉकर एका हाताने धरून दुसरा हात कुठवर आरामात जातो ते बघितलं, गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली: ५२ इंच. मग खुर्चीत बसवून परत, ४६ इंच. म्हणाले, आज वॉकर आहे, उद्या व्हीलचेअर आली तर? मला हे ऐकून भरूनच आलं, इतक्या वर्षांत कोणी घरातल्या बटणांसाठी आईला काही विचारलंच नव्हतं.

नियम त्यांनी नीट समजावले. खटक्याची मूठ सगळ्यात वरच्या स्थितीत असताना तिचा मध्य ६ फूट ७ इंचांच्या वर नको, म्हणजे साधारण २ मीटर. लक्षात घ्या, डब्याचा वरचा काठ नाही, मूठ, आणि ऑन असताना कारण तेव्हा ती वर असते. शिवाय तिथे शिडी न लावता, कशावर न चढता, अडथळा न हटवता पोचता आलं पाहिजे. पॅनलसमोर ३ फूट खोल आणि ३० इंच रुंद जागा मोकळी हवी. सार्वजनिक इमारतींना अपंगांसाठीच्या कायद्याने हात पोचायची मर्यादा ४८ इंच आहे, पण तो कायदा खासगी घराला लागूच होत नाही! म्हणजे ६ फूट ५ इंचाचा खटका घरात कायदेशीर आणि आईसाठी निरुपयोगी. आम्ही ४६ वर ठरवलं.

काम एका दिवसात झालं. सकाळी वीज कंपनीने सप्लाय तोडला, संध्याकाळपर्यंत परत. डिसकनेक्टचा डबा वाफ्यातून काढून ३ फूट डावीकडे, फरशीच्या समोर आणला. एसीचा पुल-आऊट युनिटच्या मागून बाजूला घेतला. गॅरेजमधलं पॅनल हलवायला खूप खर्च होता, तर त्यांनी एसीचा ब्रेकरच वरून सगळ्यात खालच्या जागेवर आणला, वायर पुरत होती. किती साधी गोष्ट! पहिल्या वेळीच कोणी केली असती तर.

खटका घट्ट असतो, आईच्या बोटांत संधिवात आहे. म्हणून त्यांनी दोन नमुने ट्रकमधून काढून आईच्या हातात दिले. एकात डबा उघडून आत ब्रेकर पाडायचा, दुसऱ्याला बाहेर लांब लाल दांडा. दांड्यावर तळहात ठेवून अंगाचा भार टाकला की खाली येतो, आईने तीनदा करून बघितला आणि म्हणाली "हा जमतोय." तोच घेतला. डब्यावर लाल पाटी, पांढरी अक्षरं, आणि खाली मी मराठीत स्टिकर लावलाय: खाली = बंद. एक महत्त्वाचं त्यांनी तिला माझ्याकडून नीट सांगायला लावलं, दांडा खाली केला तरी मीटरकडून डब्यात येणाऱ्या वायरी जिवंतच असतात, त्यामुळे डबा उघडायचा नाही, बंद करून लांब जाऊन फोन करायचा.

आमच्या सांगलीच्या घरी मीटरबोर्ड दाराच्या वर होता, किटकॅट फ्यूज गेला की बाबा स्टुलावर चढायचे, आई खालून स्टूल धरायची. म्हणूनच तिला त्या दिवशी स्टूलच सुचलं असणार.

खर्च १,९०० डॉलर, परमिट धरून. तक्रारी म्हणाल तर वॉकर नीट उभा राहावा म्हणून काँक्रीटची पट्टी टाकायची होती ती अकरा दिवस उशिरा आली, आणि वायरींचा पाइप विटांच्या भिंतीवर राखाडीच ठेवला, रंग आम्हाला द्यावा लागला. गुलाबाचं एक झाड हलवताना गेलं, आईला वाईट वाटलं. तरी पाचपैकी पाच.

नंबर हवा असेल तर मेसेज करा, पण शनिवारी ते फोन उचलत नाहीत, आणि पहिल्या भेटीच्या वेळी घरातली वयस्कर मंडळी घरी असतील असं बघा, ते त्यांना विचारल्याशिवाय कोट देत नाहीत.