गणपतीला सावंतवाडी: मुंबई-गोवा महामार्ग की कोल्हापूर-आंबोली?

मावसभावाचा प्रश्न आहे: बरोबर आई आहे, गाडी स्वतःच चालवायची, तर कुठून जाऊ?

रस्ता म्हणाल तर मुंबई-गोवा महामार्ग सिंधुदुर्गात चौपदरी, काँक्रीटचा, एकदम झकास. कशेडीच्या बोगद्यामुळे जुना घाटही टळतो. दुखणं आहे ते रायगडात. पनवेल-इंदापूरचं काम 2011 पासून रखडलंय आणि माणगावची कोंडी सणाला जीव काढते. पुणे-सातारा-कोल्हापूरवरही सहापदरीकरणाची खोदाखोद आहे, पण गाडी एका वेगात जास्त वेळ राहते.

पाट्यांकडे माझं जास्त लक्ष असतं. कोकणच्या रस्त्यावर अर्धवट पुलाशी वळणाची पाटी वाळूच्या गोणीला टेकवलेली असते, तिच्यावर चिखलाचे शिंतोडे, त्यामुळे हेडलाइट पडला तरी ती चमकत नाही. बाण दिसतो तेव्हा वळण आलेलं असतं. पाटी पुसायला एक फडकं पुरतं हो! माणसांचे जीव जातात अशा ठिकाणी. कोल्हापूरच्या बाजूला गावांच्या मोठ्या पाट्या लांबूनच वाचता येतात.

टोल कोल्हापूरमार्गे जास्त: एक्स्प्रेसवे, मग खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. गणपतीत कोकणच्या गाड्यांना टोलमाफीचा पास मिळतो, तो आधीच काढून ठेव.

रात्री निघणार असशील किंवा रस्ता नवखा असेल, तर कोल्हापूर गाठ. आंबोलीत धुकं असतं, म्हणून घाट उजेडातच उतर. पहाटे निघून दिवसाउजेडी पोहोचायचं आणि वाटेत चिपळूणला कुणाकडे टेकायचं असेल, तर कोकणातूनच जा.