दोन हजार लिंका घेतल्या अन् पंधरा क्विंटल डाळीचा नफा घालवला

मी लातूरचा. घरचा डाळीचा धंदा आहे, म्हणजे मोठी मिल वगैरे नाही, अप्पांच्या काळातलं छोटं युनिट, बिनपॉलिशची तूरडाळ करतो अन् विकतो. आमच्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं, तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोक फोन करून विचारायला लागले की ती डाळ तुमच्याकडं आहे का. आमची ती नाही, आमची आसपासच्या गावांतली साधी तूर, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण त्या नादात आपली पण एक वेबसाइट पाहिजे हे डोक्यात बसलं, भाच्यानं वर्डप्रेसवर बनवून दिली, डाळीचे फोटो टाकले, चार रेसिपी टाकल्या. दोन महिन्यांत सहा ऑर्डरी आल्या, त्यातल्या दोन मावशीच्या.

दसऱ्यानंतर एका पोराचा फोन आला. बोलायला लई गोड, दर वाक्याला सर. म्हणाला सर तुमची साइट चांगली आहे पण गूगलला माहीतच नाही, तुम्हाला बॅकलिंका नाहीत. मला पटलं, कारण तो जे सांगत होता त्यातली मूळ गोष्ट खरी होती. गूगलच्या दोघांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला शिकताना जी पद्धत मांडली ती हीच, की दुसऱ्या पानानं तुमच्या पानाला लिंक दिली म्हणजे त्यानं तुमची शिफारस केली. सोयरीक जुळवताना आपण पोराच्या बापाला विचारत नाही, गावातल्या चार लोकांना विचारतो, तसंच ते. माझ्या डोक्यात हे चटकन बसलं. फक्त त्या चार लोकांना पैसे देऊन उभं केलं तर काय, हा विचार नाही आला.

पॅकेज असं होतं: दोन हजार बॅकलिंका, सगळ्या ‘हाय डीए’, म्हणजे म्हणे वजनदार साइटींवरच्या, तीस दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटी. चोवीस हजारातून घासाघीस करून अठरावर आणलं, बारा आधी अन् सहा काम झाल्यावर, आणि मी वर खुश की आपण भाव केला. बिल मागितलं तर म्हणे, सर जीएसटी लावलं तर तुम्हालाच महाग पडेल. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं, तेही विचारलं, तर म्हणे अकाउंट सेक्शनचं आहे. इथंच उठायला पाहिजे होतं. मोंढ्यात एखादा आडत्या असं बोलला असता तर मी पोतंच उचललं नसतं, पण कम्प्युटरचं काम म्हणलं की आपण अडाणी होऊन बसतो.

तीन आठवड्यांनी एक्सेल आली. दोन हजार ओळी, पहिल्या कॉलमात ज्या पानाखाली कमेंट टाकून आमची लिंक ठेवली त्याचा पत्ता, दुसऱ्यात डीए, तिसऱ्यात हिरव्या रंगात ‘लाइव्ह’. सोबत स्क्रीनशॉट, कमेंट दिसतेय, नावाच्या जागी आमच्या दुकानाचं नाव, त्यावर आमची लिंक. अजून एक स्क्रीनशॉट गूगलचा, त्यात आम्ही एक नंबरला. मी सहा हजार पाठवले अन् अप्पांना दाखवलं. अप्पांनी चष्मा वर करून बघितलं अन् म्हणाले, ‘दोन हजार लोकं आपल्या डाळीबद्दल बोलूलालेत म्हणतोस, मग एकाचा बी फोन का येईना रं?’ मी म्हणलं अप्पा ते तसं नसतंय, टाइम लागतो. आता आठवलं की कान लाल होतात.

मग येळवस आली. बाहेरच्यांसाठी सांगतो, वेळा अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप करून पूजा, भज्जी, उंडे, आंबिल. आंबिलीचा तांब्या हातात अन् फोन वाजला, नवीन नंबर. मला वाटलं ऑर्डर. एक ताई होत्या, नांदेडकडच्या, आवाज शांत होता. म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही डाळवाले का? मी स्वयंपाकाबद्दल लिहीत असते. मागच्या महिन्यात माझे वडील गेले, त्यांच्याबद्दल मी लिहिलंय, त्याच्या खाली तुमच्या नावानं आलंय, नाइस पोस्ट, व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह, बेस्ट तूरडाळसाठी इथं क्लिक करा. मी दोनदा उडवलं. काल तिसऱ्यांदा आलं.’

मला काय बोलावं कळेना. मी म्हणलं ताई ते मी नाही टाकलं. त्या म्हणाल्या, नाव तर तुमचंच आहे ना. बरोबरच होतं.

त्या रात्री भाच्याला बसवून घेतलं. त्यानं एक्सेलमधले पत्ते एकेक करून त्याच्या मोबाइलवर उघडायला सुरुवात केली, पहाटेपर्यंत दोनशे बघितले. त्यातल्या एकशे चाळीसच्या आसपास ठिकाणी आमची कमेंटच नव्हती. मग स्क्रीनशॉट कसा? तर ही गंमत ऐका, कारण ही कुणी सांगत नाही. वर्डप्रेसवर कमेंट टाकली की मालकानं पास करेपर्यंत ती फक्त टाकणाऱ्यालाच त्याच्या ब्राउझरमध्ये दिसू शकते, अन् तिथं एक बारीक ओळ असते की तुमची कमेंट तपासणीसाठी थांबली आहे. या पठ्ठ्यानं ती ओळ कापून फोटो काढले होते. एका फोटोत अर्धी ओळ राहून गेलेली, आम्ही झूम करून वाचली.

राहिलेल्या साठेक ठिकाणी कमेंट होती, पण भाच्यानं पानाचा सोर्स उघडून दाखवला, बहुतेकांत लिंकेपुढं नोफॉलो लिहिलेलं. म्हणजे त्या पानाचा मालक गूगलला सांगतोय की ही लिंक माझी शिफारस नाही, कुणीतरी येऊन टाकून गेलंय. आणि हे काही कालपरवाचं नाही, कमेंटमधल्या कचऱ्याला कंटाळूनच गूगल, याहू अन् एमएसएननं जानेवारी २००५ मध्ये ही खूण आणली, वर्डप्रेस तर कमेंटमधल्या लिंकांना ती आपोआप लावतं. म्हणजे मी जो माल विकत घेतला तो वीस वर्षांपूर्वीच बाद झालेला. नोफॉलो नसलेल्या सातच सापडल्या, अन् त्या सगळ्या मालक सोडून गेलेल्या पडक्या वाड्यांत, खाली शेकडो कमेंटी, जुगार, कर्ज, कसल्याकसल्या गोळ्या, अन् मध्ये आमची गावरान तूरडाळ.

सकाळी त्या पोराला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला सर, २०१९ पासून गूगल नोफॉलोला नुसती हिंट मानतं, पक्का नियम नाही, तुम्ही अपडेट राहा. आता हे पण खरंच आहे! सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलनं तसं जाहीर केलं, पण त्याच वेळी लोकांनी टाकलेल्या कमेंटींसाठी यूजीसी नावाची वेगळी खूण पण आणली, ते त्यानं सांगितलं नाही. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोट्यापेक्षा अवघड असतो, पकडायला हातात काही येतच नाही. डीएचं पण तसंच, तो मॉझ नावाच्या कंपनीनं काढलेला शंभरपैकी आकडा आहे, गूगल तो वापरत नाही. एक नंबरवाला स्क्रीनशॉट? त्यानं शोधलं होतं आमच्या दुकानाचं पूर्ण नाव, पुढं गावाचं नाव, पुढं तूरडाळ. ते जगात आम्ही सोडून कोण लिहिणार. ‘तूरडाळ ऑनलाइन’ टाकून बघितलं तर आम्ही कुठंच नाही. आणि पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतःच लिहून सांगतं, मी वाचलं नंतर.

पुढचं तर अजून भारी. आठ दिवसांनी त्याच पोराचा मेसेज: सर तुमच्या साइटवर टॉक्सिक लिंका झाल्यात, पेनल्टी येऊ शकते, नऊ हजारात क्लीन करून देतो. म्हणजे उकिरडा यानंच टाकायचा अन् उचलायचे पैसे पण यालाच. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो, कारण २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला अन् असल्या लिंकांवर उभ्या साइटी खाली गेल्या हे वाचलेलं. भाच्यानं गूगलचं सर्च कन्सोल उघडून दाखवलं, ते फुकट असतं, त्यात मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणून एक जागा आहे, गूगलनं साइटीला शिक्षा लावली असेल तर ती तिथं दिसते, तिथं काही अडचण नाही असं दिसलं. गूगल असल्या बहुतेक लिंका मोजतच नाही, सोडून देतं. डिसअव्हाव नावाची सोय आहे, नको असलेल्या लिंकांची साधी टेक्स्ट फाइल चढवायची, ती पण फुकट, अन् बहुतेकांना तिची गरजच पडत नाही. म्हणजे नऊ हजार वाचले. आधीचे अठरा गेले ते गेले. किलोमागं मला बारा रुपये सुटतात, हिशेब करा, पंधरा क्विंटल डाळ फुकट हमाली. तक्रारीचं विचाराल तर १९३० वर फोन करून झाला, तो नंबर ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीचाच आहे, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते अन् तिथं लगेच कळवलं तरच पैसे अडवायला वाव असतो. बिल नाही, करार नाही, कामाचा कागद एकच, ती एक्सेल.

पैशापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या स्वतःच्या रेसिपींखाली रोज सकाळी असल्याच दहा-वीस कमेंटी येऊन पडतात, ग्रेट आर्टिकल, थँक्स फॉर शेअरिंग, पुढं कुठल्यातरी बुटाच्या दुकानाची लिंक, अन् मी चहा पीत शिव्या देत त्या डिलीट करतो. तेच काम मी पैसे देऊन दुसऱ्यांच्या दारात करवत होतो अन् माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

मग कमेंट करायचीच नाही का? लिंकसाठी तर नाहीच, कुणी विकत असेल तर घेऊ नका, तुम्ही स्वतः बसून टाकल्या तरी फरक पडणार नाही. पण एक गोष्ट झाली ती सांगतो. त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी परत फोन करून माफी मागितली, त्या म्हणाल्या ठीक आहे. नंतर मी त्यांचं लिखाण वाचायला लागलो. एकदा त्यांनी लिहिलं की नव्या घरात डाळ शिजतच नाही, चार शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. आता हे माझं क्षेत्र. मी खाली लिहिलं की ताई दोष डाळीचा नसेल, बोअरचं पाणी बघा, जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, दाणा मऊ पडत नाही, एकदा फिल्टरच्या पाण्यात शिजवून बघा, अन् डाळ जुनी असेल तर तासभर भिजू द्या. लिंक नाही, दुकानाचं नाव नाही, फक्त माझं नाव अन् लातूर. खाली पाच-सहा जणांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं देत बसलो, अन् दोघांनी मला शोधून डाळ मागवली. दोन हजारांतून शून्य अन् एकातून दोन. गूगलमध्ये त्यानं काही वर सरकलो नाही.

ती एक्सेल अजून ठेवलीय. जिथं जिथं मालकाचा पत्ता सापडतो तिथं मेल करतो की आमची कमेंट उडवा, कुणी उडवतं, कुणी उत्तरच देत नाही. परवा एका जुन्या गिऱ्हाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, कुत्र्याच्या गोचिडीच्या औषधाचं पान, त्याखाली आमचं नाव, बेस्ट तूरडाळसाठी इथं क्लिक करा. खाली विचारलेलं, ‘दादा हे तुम्हीच का?’

मी लिहिलं, हो.