घाना की आयव्हरी कोस्ट? काजू बी आणायच्या आधी

गावठी बी संपली की वेंगुर्ला-चंदगडकडचे बरेच काजू कारखाने आफ्रिकेच्या बीवर चालतात. थेट आयातीत उतरणाऱ्याला दलाल भाव सांगतो, आउटटर्न, म्हणजे पोत्यामागे किती गर निघतो, ते सांगतो. तिथलं राजकारण मात्र कोणी सांगत नाही, आणि पैसे अडकतात ते तिथेच.

नुसत्या मालाचा विचार केला तर तुलनाच होत नाही. आयव्हरी कोस्ट कच्च्या काजूत जगात पहिला, वर्षाला दहा लाख टनांच्या घरात. घाना त्याच्यापुढे किरकोळ.

पण ही बी पिकते कुठे? मुख्यतः आयव्हरी कोस्टच्या उत्तर आणि मध्य भागात. २००२ च्या बंडात देश दुभंगला, तेव्हा बुआके शहर बंडखोरांची राजधानी होतं आणि त्याच्या वरचा काजूचा मुलूख त्यांच्याच ताब्यात. २०१० च्या निवडणुकीत हरूनही तेव्हाचे अध्यक्ष लोरां बाग्बो खुर्ची सोडेनात. सुमारे तीन हजार माणसं मेली, तेव्हा अलासान वातारा सत्तेवर बसले. याच वातारांना २००० मध्ये नागरिकत्वाच्या वादावरून निवडणुकीबाहेर ठेवलं होतं. २०२५ मध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी तिजान थियाम नागरिकत्वाच्याच मुद्द्यावर बाद झाले आणि वातारा चौथ्यांदा निवडून आले. कालची सून आज सासू! वातारांचा जन्म १९४२ चा. पुढे कोण, याचं उत्तर बाजारात कोणाकडेही नाही.

घानात १९८१ पर्यंत लष्करी बंडं हा जणू ऋतूच होता. १९९२ च्या राज्यघटनेनंतर मात्र दोन पक्ष आळीपाळीने राज्य करतात. २००८ मध्ये निकाल पन्नास हजारांहूनही कमी मतांनी लागला, तरी सत्तांतर झालं. डिसेंबर २०२४ मध्ये तर अधिकृत निकालाआधीच उपाध्यक्ष बावुमिया यांनी हार मानून विरोधी उमेदवार महामांचं अभिनंदन केलं. आपल्याकडेही हे रोज दिसत नाही.

म्हणून घाना सुरक्षित? थांबा. २०२२ च्या अखेरीस सरकारने परदेशी कर्जाची परतफेडच थांबवली, महागाई ५४ टक्क्यांवर गेली. त्यांचं चलन, सेडी, वर्षानुवर्षं घसरलं आणि २०२५ च्या पूर्वार्धात एकदम वधारलं. उलट आयव्हरी कोस्टचा सीएफए फ्रँक युरोला बांधलेला. तिथे चलनापायी झोप उडत नाही.

हंगामापुरती बी उचलायची असेल तर मी आयव्हरी कोस्ट घेईन. फेब्रुवारीत खरेदी सुरू होते. शेतकऱ्याचा किमान भाव सरकार ठरवतं, स्थानिक कारखान्यांना आधी माल द्यायचं धोरण आहे आणि निर्यात बंदरातूनच करावी लागते. हे धरूनच जहाजाची तारीख बांधा. निवडणुकीच्या वर्षी मोठा आगाऊ पैसा देऊ नका.

तिकडेच काजू फोडायचा कारखाना टाकायचा, दहा वर्षं राहायचं, तर घाना. सेडीचा त्रास हिशेबात धरता येतो, वारसाच्या भांडणाचा नाही.

एक मात्र बघा. घानात आयव्हरी कोस्टच्या सीमेलगतच्या साम्पा गावच्या बाजारात पलीकडून चोरवाटेने आलेली बी बरीच असते. तिथला माल घेताना कागदावरचा आउटटर्न धरू नका. पोती स्वतः निवडून, बी कापून बघा.