पंखा स्वतः उघडावा, मायक्रोवेव्ह का नाही?

दिवाळीची आवराआवर निघाली की घरातलं एक माणूस तरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतं. आमच्याकडे ते माणूस मी. पंखा, मिक्सर, एसी, मायक्रोवेव्ह, चारही मळलेले. यातलं काय स्वतः खोलायचं आणि कशासाठी मेकॅनिक बोलवायचा, हे मळ किती साठलाय त्यावरून ठरवू नये. प्लग काढल्यावर आत काय शिल्लक राहतं, ते बघावं.

टेबल फॅनमध्ये साफसफाईपुरतं धोक्याचं काहीच नाही. जाळीच्या क्लिपा काढायच्या, पात्यावरची टोपी फिरवायची, पातं साबणाच्या पाण्यात. टोपीचे आटे तेवढे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. सीलिंग फॅनची पाती मात्र जागच्या जागी पुसा. काढताना एखादं जरा जरी वाकलं, तरी पंखा वर्षभर डुगडुगत राहतो.

मिक्सरचं प्रकरण अधलंमधलं. भांडं बसतं त्या खोलगट भागात चटणी सांडते, सुकते, आणि पाणी निघून जायचं बारीक भोक बुजतं. मग पुढच्या वेळी सांडलेलं पाणी मोटारीची वाट धरतं. म्हणून ही जागा साफ हवीच, पण त्यासाठी स्क्रू काढावा लागत नाही. जुना टूथब्रश आणि पिळलेलं फडकं पुरतं. मला एवढ्यावर समाधान नव्हतं. मधला कपलर, म्हणजे भांड्याचं पातं फिरवणारी दातेरी चकती, काढायला पक्कड लावली आणि नेहमीच्या दिशेने जोर केला. त्याचेही आटे उलटे होते. प्लास्टिकचे दोन दात तुटून ओट्यावर पडले. कपलर स्वस्तात मिळतो, त्यामुळे हे नुकसान हसण्यावारी गेलं. खालचं झाकण उघडणं तितकं हसण्यावारी नेऊ नये. परत बसवताना एखादी वायर स्क्रूखाली चेमटली आणि बॉडी पत्र्याची असली, तर 230 व्होल्ट थेट हाताशी येऊ शकतात.

एसीत तुमची हद्द जाळीपर्यंत. पुढचं पॅनल वर करा, फिल्टर काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. आतल्या कॉइलवर घरीच पाण्याचा फवारा मारणारे बरेच आहेत. पातळ पत्र्या दबतात, पाणी बाजूच्या कार्डावर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवर जातं, आणि सर्व्हिसिंगचे वाचलेले पैसे कार्डात जातात. चांगला मेकॅनिक आधी कार्डावर प्लास्टिक गुंडाळतो. नाही गुंडाळलं तर त्याला सांगायला लाजू नका. बाहेरच्या युनिटबाबत मला विजेपेक्षा उंचीची भीती जास्त वाटते. खिडकीच्या छज्ज्यावर एक पाय ठेवून ते पुसायला जाणाऱ्याला घरच्यांनी आत ओढावं.

मायक्रोवेव्हचं प्रकरण वेगळंच. याच्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर, 2000 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो टिकून राहू शकतो. तो दाब उतरवण्यासाठी आत रोधक (रेझिस्टर) असतो, पण हा रोधक निकामी झालाय की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणजे बटण बंद, प्लग हातात, तरी जिवावर बेतू शकतं. बाकी तिन्ही यंत्रांत साफसफाईतली चूक बहुधा पैशांवर निभावते. इथे ती दुरुस्त करायला आपण राहूच याची खात्री नाही. त्यात दाराचे खटके हलले, तर दार नीट न लागताही भट्टी चालू व्हायचा धोका आहे.

तशी बाहेरचं झाकण काढायची गरजही नसते. वाटीभर पाण्यात लिंबू पिळून 3-4 मिनिटं गरम करा, दार थोडा वेळ बंद ठेवा, वाफेने डाग सुटतात. काचेची थाळी आणि खालची चाकांची रिंग बाहेर काढून घासा. बाजूचा अभ्रकाचा पत्रा हलक्या हाताने पुसा, जळून काळा पडला असेल तर बदलून घ्या.

झाकण उघडायचा मोह होतो तो बहुधा झुरळामुळे. आमच्या मायक्रोवेव्हवरच्या घड्याळाच्या आकड्यांमागे गेल्या पावसाळ्यात एक शिरलं. रोज रात्री 8 च्या आकड्यावर मिशा हलवायचं. वॉरंटीचं स्टिकर स्क्रूवरच चिकटवलेलं, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि बायको म्हणाली, "अहो, राहू दे त्याला." मेकॅनिक यायला 4 दिवस लागले. तोवर आम्ही वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो.