रविवारची सकाळ एकच: पक्षी बघायला जावं की नदीकाठ साफ करायला?

ऑक्टोबर सरत आला की फोनवर दोन प्रकारची निमंत्रणं येऊ लागतात. एक असतं, ‘रविवारी सकाळी साडेसहाला कवडीपाटला पक्षीनिरीक्षण, दुर्बीण असल्यास आणावी.’ दुसरं त्याच रविवारचं, ‘नदीकाठी श्रमदान, हातमोजे आम्ही देऊ, पिण्याचं पाणी आणा.’ नव्याने सुरुवात करणारे विचारतात, यातलं कुठलं निवडू? मी दोन्ही करत आले आहे, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

उदाहरण कवडीपाटचंच घेते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळायचं. तिथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. थंडीत या पाण्यावर चक्रवाक उतरतात, धनवर बदकं असतात, दगडादगडावर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात. याच बंधाऱ्याला अख्ख्या पुण्याचा वाहून आलेला कचराही अडतो. म्हणजे दोन्ही निमंत्रणं एकाच जागेची असू शकतात.

फेरीत काय मिळतं

पक्षीनिरीक्षणाच्या फेरीला लागतं फार थोडं: मातकट रंगाचे कपडे, टोपी, वही आणि पेन्सिल. दुर्बीण पहिल्याच आठवड्यात विकत घेऊ नका. चांगल्या गटात दोन-तीन जण आपली दुर्बीण सगळ्यांच्या हातात फिरवतात. घ्याल तेव्हा ८ × ४० किंवा ८ × ४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी घ्या. जास्त पटीची घेतली तर हात जरा थरथरला की चित्र हलतं, आणि पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो.

पहिल्या दिवशी तीस-चाळीस नावं कानावर पडतात आणि घरी येईपर्यंत चार उरतात. त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका. त्यापेक्षा एकच पक्षी दहा मिनिटं बघा. शेकाट्या घ्या. काटक्यांसारखे लांब गुलाबी पाय, सुईसारखी काळी चोच. वीतभर पाण्यात एकेक पाऊल उचलून टाकत तो चालतो आणि मध्येच चोच चिखलात खुपसतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला लक्षात येतं की काळा, वास येणारा चिखल जिथे आहे तिथेच शेकाट्यांची गर्दी आहे. सांडपाण्याच्या गाळात त्यांचं खाद्य, म्हणजे अळ्या आणि किडे, भरपूर वाढतं. खंड्याला मात्र वरून मासा दिसावा लागतो, त्यामुळे त्याला नितळ पाणी हवं. नुसती ‘आज खूप पक्षी दिसले’ ही नोंद नदीबद्दल काहीच सांगत नाही, कोणते पक्षी दिसले ते सांगतं. ही नजर यायला एक हिवाळा लागतो आणि ती फेरीतच येते.

फेरीला जाणं म्हणजे नुसती मजा, काम तर श्रमदानवाले करतात, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. गटाने दर महिन्याला त्याच जागेची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली, तर पाच वर्षांनी ‘इथे काय कमी झालं’ याचं उत्तर देता येतं. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून अशाच स्वयंसेवकांच्या डोळ्यांवर चालली आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, तिला किमान पंधरा मिनिटं देता आली तरी चालतं, अगदी घराच्या गच्चीवरूनही.

गट निवडताना मात्र चौकशी करा. एका वेळी किती जण नेतात? पन्नास माणसं बंधाऱ्यावर उभी राहिली तर पक्षी पलीकडच्या काठाला जातात आणि नवख्याला फक्त पाठी दिसतात. पंधरा-वीस पुष्कळ झाले. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला झुडपाबाहेर काढतात का? घरट्याचे जवळून फोटो घेऊ देतात का? यातल्या एकालाही ‘हो’ उत्तर आलं तर दुसरा गट शोधा.

श्रमदानात काय मिळतं, आणि काय मागितलं जातं

पावसाळा संपून पाणी उतरलं की काठावरच्या बाभळींवर चिंध्या लटकलेल्या दिसतात. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, साड्यांचे तुकडे, दोरखंड. पाणी कुठवर चढलं होतं ते त्यावरून कळतं. विळ्याने त्या सोडवायच्या, पोत्यात भरायच्या. वीसेक माणसं असली तर दोन तासांत काठाचा एक तुकडा उघडा दिसू लागतो, आणि ते समाधान फेरीत मिळत नाही. हात चालले की अनोळखी माणसंही लवकर बोलती होतात.

हे काम अंगावर येतं, हेही सांगते. तिथलं पाणी सांडपाण्याचं आहे, काठावर काच असते, कधी सुयाही. जाड तळाचे बूट, रबरी हातमोजे आणि वेळेवर घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन याशिवाय जाऊ नका. हातापायाला जखम असेल तर त्या रविवारी नकोच. दहा वर्षांखालच्या मुलांना मी फेरीला आनंदाने नेते, नदीच्या सफाईला नेत नाही.

संयोजकांना एक प्रश्न हमखास विचारा: पोती उचलायला गाडी ठरली आहे का? आमच्या एका मोहिमेत कबूल केलेली गाडी आलीच नाही. तीन दिवसांनी गेलो तर कुत्र्यांनी पोती फाडून सगळा कचरा पुन्हा काठावर पसरला होता.

पुढच्या पावसात बंधाऱ्याला कचरा पुन्हा अडणारच, मग उपयोग काय, असंही विचारतात. उपयोग आहे, पण गोळा केलेलं मोजलं तर. पिशव्या किती, थर्मोकोल किती, निर्माल्य किती, हे लिहून ठेवलं की नदीच्या वरच्या बाजूला कुठे बोलायचं ते ठरवता येतं.

ती मे महिन्यातली सकाळ

आधी फेरी, मग श्रमदान हे माझं मत ज्या दिवशी पक्कं झालं तो दिवस सांगायलाच हवा. उन्हाळ्यात पाणी आटलेलं, काठ मोकळा, म्हणून सफाई ठरवली होती. तीसेक जण होतो. डोक्यावर एक टिटवी सारखी घिरट्या घालत ओरडत होती. सगळ्यांना वाटलं, गर्दीमुळे बिथरली असेल. आम्ही काम चालू ठेवलं. वाळूत रुतलेली सिमेंटची गोणी दोघांनी धरून ओढली, आणि तिच्या कडेशी उथळ खळग्यात चार अंडी होती. मातकट, काळे ठिपके, भोवती बारीक खडे. गोणी त्यांच्यावरूनच फरफटत गेली होती. तीन फुटली होती.

टिटवी जमिनीवर अंडी घालते हे आमच्यापैकी अनेकांनी वाचलं होतं. ती का ओरडते आहे हे त्या सकाळी एकालाही ओळखता आलं नाही. मलाही नाही.

तेव्हापासून नदीकाठ आणि वाळूचे पट्टे मार्च ते जूनमध्ये आम्ही सोडून देतो. टिटवी आणि नदी सुरय या पक्ष्यांचा तो विणीचा काळ. तलावातली जलपर्णी काढायची तर पावसाळ्यात नाही, कारण जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी तेव्हा पाणवनस्पतींवरच घरटी करतात. टेकडीवरच्या गवताळ माळावर ‘इथे काहीच नाही’ म्हणून झाडं लावायला बोलावलं तर जाऊ नका. तो माळ चंडोल आणि रातवा या पक्ष्यांचं घर असतो.

मग काय ठरवायचं?

बहुतेकांना मी सांगते, आधी एक हिवाळा फेऱ्या करा. दर वेळी नवीन जागा नको. उजनीच्या पाण्याकाठच्या भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हंस बघायला एकदा जरूर जा, पण बाकीच्या फेऱ्या घराजवळच्या एकाच पाणवठ्यावर करा. पाषाण तलाव जवळ असेल तर पाषाण. तिथलं काय कुठे असतं हे कळलं की मग श्रमदानाला या. तेव्हा तुमचे हात आणि डोळे दोन्ही उपयोगी पडतील.

ज्यांना तासभर गप्प उभं राहणं जमतच नाही, त्यांनी श्रमदानापासून सुरुवात केली तरी हरकत नाही, फक्त महिना बघून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली काठाची सफाई चांगली. संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांवरचा मांजा काढण्याचं काम त्याहून चांगलं. लांब काठीला आकडा बांधून एका गल्लीतली झाडं मोकळी केली तरी घारी, घुबडं आणि वटवाघळं वाचतात, आणि त्यासाठी पक्ष्यांची नावं यावी लागत नाहीत.

मुंबई-ठाण्याकडच्यांसाठी हिशोब थोडा वेगळा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. तिथल्या कांदळवनातली सफाई भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीची वेळ न सांगणाऱ्या गटाबरोबर चिखलात उतरू नका.

महिन्यातले दोन रविवार मोकळे असतील तर एक फेरीला, एक कामाला. एकच असेल तर पहिली थंडी फेरीला द्या. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ चा, पक्षीशास्त्रज्ञ सालीम अलींचा १२ चा. त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी फेऱ्या असतात. जाताना कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी खिशात ठेवा, आणि टिटवी ओरडली तर जागच्या जागी थांबून आधी पायाखाली बघा.