पेट्रोल परवडलं, ऑईल नको: ५८ सीसी लाकूड कापायचा कटर (चेनसॉ), एका हंगामानंतर

"सर, ऑईल सगळ्याच कटरचं गळतं. ते वॉरंटीत येत नाही."

सर्व्हिस सेंटरच्या माणसाचं हे वाक्य ऐकलं, फोन ठेवला आणि लिहायला बसलो. कंपनीचं नाव घेत नाही. तसंही हेच यंत्र लाल, नारिंगी, पिवळं असं वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं आणि आतला माल एकच असतो. ५८ सीसी, टू स्ट्रोक, १८ इंची पट्टी (जिच्याभोवती चेन फिरते ती). ज्यांनी घ्यायच्या विचाराने थोडी शोधाशोध केली असेल त्यांना बाकीचं पाठ असणारच. मी दिवाळीनंतर ऑनलाईन मागवलं, सात हजारांच्या आत पडलं.

आधी कशासाठी घेतलं ते सांगतो, म्हणजे पुढची चिडचिड कळेल. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या अंगाला. स्वयंपाकाला गॅस आहे. पण आंघोळीचं पाणी, भात उकडणं, गुरांचं आंबोण, गणपतीत घर भरतं तेव्हाच्या मोठ्या पातेल्यांचा स्वयंपाक, हे सगळं चुलीवर. पाण्याला सिलिंडर लावतो म्हटलं तर पाण्याआधी आईच तापेल. त्यामुळे मिरगाच्या आत लाकूडफाटा पडवीत रचून झालाच पाहिजे.

आमच्याकडे कटर पूर्वी फार नव्हते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडात आंबे, माड, सुरू सरसकट आडवे झाले. रस्ते मोकळे करायलाच कटर पुरेनात. त्यानंतर वाडीवाडीत यंत्रं आली. तरी मे महिन्यात कटरवाला मिळेल तर शपथ. त्याचं "उद्या येतो" पाऊस पडेपर्यंत चालतं. आला की तासाचे पैसे, पेट्रोल आपलं, चहा आपला, आणि ओंडके असे लांब पाडून जातो की चुलीच्या तोंडात मावत नाहीत. मग परत कुऱ्हाड घ्या. म्हणून म्हटलं, स्वतःचं घेऊ.

कापण्याबद्दल तक्रार नाही. पडीक जागेतली ऑस्ट्रेलियन बाभूळ, कुंपणाची गिरिपुष्पं, वाळलेला सुरू, सगळं कापलं. सुरू वाळला की दगड होतो, कुऱ्हाड उडून अंगावर येते. त्यातही पट्टी सरळ उतरली. मांडीएवढं खोड चहा निवायच्या आत दोन तुकडे. वादळात पडलेला जुना आंबा अजून परड्यात होता, त्याचे ढलपे निघाले. (पडलेल्याचं सोडा, पण उभा आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ हे १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यातल्या यादीत आहेत. स्वतःच्या जागेत असले तरी परवानगी लागते. यंत्र हातात आलं की माणूस दिसेल त्याकडे बघायला लागतो म्हणून लिहिलं.)

माड मात्र ह्या यंत्राला देऊ नका. बाहेरची साल-काठ इतकी चिवट आणि खरखरीत की दोन कापांत चेनची धार जाते. ओळखायची खूण सोपी आहे. धार असली की जाडसर किस उडतो, गेली की पिठासारखा भुसा पडतो आणि आपण नकळत यंत्रावर रेटा द्यायला लागतो. ७२ लिंकची ०.३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचांत) चेन आहे, तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते. डब्यात आलेली कानस बरी होती. दोन्ही बाजूच्या दातांना सारखेच हात मारायचे, नाहीतर काप वाकडा जातो. धारेचं एवढंच.

आता मुख्य विषय. ऑईल.

ह्या यंत्रात दोन टाक्या. एकीत पेट्रोल आणि टूटी (टू स्ट्रोक इंजिनाच्या) ऑईलचं मिश्रण, दुसरीत चेनवर सोडायचं ऑईल. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत ऑईलची टाकीही साधारण संपत येते, हे सगळीकडे तसंच असतं, मान्य. पण माझं यंत्र काम न करतासुद्धा ऑईल खातं. इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं, चेन जागची हलत नाही, तरी पट्टीच्या बुडातून ऑईल ठिबकतं. बंद करून पडवीत ठेवलं तरी ठिबकतं. पहिल्या आठवड्यात शहाबादी फरशीवर तळहाताएवढा काळा डाग पडला, तो निरम्याने गेला नाही, रॉकेलने गेला नाही, राखेने थोडा फिकट झाला. मग खाली खोक्याचा पुठ्ठा घातला. सकाळी उचलून बघितलं तर पुठ्ठा आरपार भिजून पापडासारखा मऊ.

दुकानातलं चेन ऑईल लिटरला तीनशेच्या वर आहे. तेवढे पैसे पुठ्ठ्याला पाजायचे? पेट्रोलचा खर्च मला कधी टोचला नाही, कारण पेट्रोल जळतं तेव्हा लाकूड तरी कापलं जातं. हे नुसतं फरशीला.

गावातले बहुतेक जण गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑईल घालतात. फुकट मिळतं. मीही तेच भरलं. पुस्तकात घालू नका म्हणून लिहिलेलं असतं, त्याला कारण आहे. त्यात धातूचा बारीक कण असतो, पंपाची जाळी त्याने चोंदते. पण आमच्या घरात ते थांबलं ते वेगळ्याच कारणाने. ओंडका कापला की कापाच्या तोंडावर काळपट ओला पट्टा राहतो. तो ओंडका चुलीत गेला की पहिली पाच मिनिटं जो धूर येतो, तो मोटरसायकल रिपेअरिंगच्या दुकानातला. न्हाणीत धूर कोंडतो. आई आंघोळ करून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, अंगाला साबण लावला की ग्रीस, ते एकदा सांग." त्याच चुलीवर भात उकडायचा होता. तेव्हापासून जळकं ऑईल बंद. शिवाय कापताना ते चारी बाजूंना उडतं, आमचं कापण्याचं ठिकाण विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, हा विचार मला आधी धुराने सुचवला.

मग करंजाचं तेल. खाडीकडेला आमची करंजाची झाडं आहेत, बिया दरवर्षी पायाखाली सडतात. आजीच्या वेळी हेच तेल दिव्यात जायचं. ओळखीच्या घाण्यावरून काढून आणलं आणि टाकीत भरलं. युरोपात जंगलकामाला रेपसीडच्या तेलाचं चेन ऑईल वापरतात, म्हणजे वनस्पती तेल हे काही खुळ नव्हे. आणि चाललं हो! चेन गरम होत नाही, पट्टी निळी पडत नाही, धुराला वास येतो तो कडवट पण घरचा. आईची हरकत नाही.

एक अडचण आहे. वनस्पती तेल हवेने चिकट होतं. काम थांबवून यंत्र तसंच बाजूला ठेवलं तर चेन पट्टीच्या खाचेत धरते, डिंक लावल्यागत. म्हणून हंगामाचं काम संपायच्या आधीची शेवटची टाकी साध्या खनिज ऑईलची चालवायची आणि चेन काढून रॉकेलमध्ये धुवायची. आणि रोज वापर असेल तरच करंज. महिन्यातून एकदा कापणाऱ्याने ह्या फंदात पडू नये.

तर गळतीसाठी सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. आधी "सगळ्यांचंच गळतं". मग मी व्हिडिओ पाठवल्यावर "ऑईल पंप असेंब्ली बदलावी लागेल, मशीन पुण्याला पाठवा, पाठवणी तुमची". कुरिअरवाला पेट्रोलच्या वासाचं पार्सल घेत नाही, टाकी रिकामी करून नेलं तरी नाक वाकडं करतो. मग त्यांनी शेवटचा बाण काढला, "तुम्ही कमर्शियल वापर केलाय." आंघोळीचं पाणी तापवणं हा कमर्शियल वापर असेल तर गावात सगळेच कारखानदार.

इथपर्यंत लिहून एक स्टार द्यायचा म्हणून ठेवलं होतं. पुढचं नंतरचं आहे.

बाजारपेठेत ग्रासकटर दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे चेन घ्यायला गेलो होतो, यंत्र पिशवीत होतं म्हणून दाखवलं. त्याने बाजूचं झाकण उघडलं, पट्टी काढली, आतला भुशाचा लगदा ब्रशने साफ केला आणि बोट लावून दाखवलं. "काका, पंपाला काय झालेलं नाय. नळी टाकीत शिरते तिथला रबर चिरलाय." टाकीतून येणारी नळी जिथे भोकात बसते तिथला छोटा रबरी बुच. त्याच्याकडे तसला होता. बदलला, झाकणाचा ओ-रिंगही (रबरी कडं) बदलला. दोन्ही मिळून घेतले ते पैसे मला सांगायला लाज वाटते, कारण त्याच्याहून जास्त मी सर्व्हिस सेंटरच्या फोनवर होल्डवर असताना संगीत ऐकण्यात घालवले असतील.

शिवाय त्याने खालचा ऑईल कमीजास्त करायचा स्क्रू दाखवला. तो स्क्रू पुस्तकात आहे, पण चित्र इतकं काळं छापलंय की तो तिथला डाग वाटतो. ऑईल किती येतंय ते बघायची त्याची रीत चांगली आहे. पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरायचं, रेस द्यायची. पुठ्ठ्यावर बारीक रेघ उमटली की बस. थेंबांचा शिडकावा झाला तर जास्त आहे, काहीच नाही आलं तर यंत्र लगेच बंद करा.

आता रात्रीतून पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग पडतो. तेवढं पट्टीच्या खाचेत राहिलेलं ऑईल उतरतं, ते चालायचंच. म्हणजे "सगळ्याच कटरचं गळतं" हे त्या माणसाचं वाक्य खोटं नव्हतं. पण रुपया आणि तळहात ह्यांत फरक असतो, आणि तो बघण्याचाच त्याला पगार आहे. इंजिन नुसतं चालू असताना थोडं ऑईल येतं ते अजून येतंच. त्यावर माझा उपाय म्हणजे पुढचा ओंडका सरकवायचा असेल तर यंत्र बंद करणे. दोरी ओढायचा कंटाळा असणाऱ्यांनी ऑईलचे पैसे भरावेत.

बाकीचं पटकन. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टूटी, म्हणजे २५ ला १, असं डब्यावर आहे, तसंच घालतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते ओल ओढतं. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवून दिलंत तर कार्ब्युरेटरच्या पातळ पडद्याची वाट लागेल. मी मेच्या शेवटी टाकी ओतून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवलं, गणपतीनंतर काढलं तेव्हा थोड्या ओढाओढीनंतर सुरू झालं. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, त्यामुळे मोटरसायकलच्या टाकीतून नळीने काढावं लागतं. वजन बऱ्यापैकी आहे, संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लावायचा नाही, झटका देऊन यंत्र तोंडावर येतं. चेन ब्रेक (चेन जागीच थांबवणारा) काम करतो का ते रोज सुरुवातीला बघायचं. आणि लुंगी-चपलेत कापणारे आमच्याकडे खूप आहेत, त्यांना काही सांगून उपयोग नसतो.

एका स्टारचे चार करतोय. पाचवा त्या रबराच्या बुचासाठी राखून ठेवलाय. कारखान्यातून निघताना दोन रुपयांचा माल जाड लावला असता तर माझी अर्धी बरणी करंजेल फरशीवर गेलं नसतं.

शेजारून यंत्र मागायला येणं सुरू झालंय. यंत्र देत नाही, स्वतः घेऊन येतो. पेट्रोल माझं चालेल. ऑईल ज्याचं त्याने आणायचं, आणि जळकं आणलं तर ज्याच्या न्हाणीत जाणार आहे त्या घरच्या बाईला आधी विचारून आणायचं.